कॅनकूनपलीकडचा मुलूख : एका रूढ मताचा प्रतिवाद

उत्तर अमेरिकेत नोकरीधंद्यानिमित्त स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांत मेक्सिकोच्या सहलीविषयी एक मत आता इतके रूढ होऊन बसले आहे की, त्याला मत म्हणण्यापेक्षा शिरस्ता म्हणणेच अधिक योग्य ठरावे. मेक्सिकोला जायचे तर विमानाने कॅनकूनला उतरावे, हॉटेलच्याच गाडीने हॉटेलात जावे, मनगटाला त्यांचा पट्टा बांधून घ्यावा, चार-पाच दिवस समुद्र आणि भोजनगृह यांच्यात वाटून टाकावेत, फार तर एक दिवस बसमधून चिचेन इत्सा पाहून यावे आणि आलो तसे परतावे. परंतु मुलाबाळांना व भारतातून आलेल्या आईवडिलांना बरोबर घेऊन, भाड्याची मोटार स्वतः हाकीत, युकातान आणि कांपेचे या राज्यांच्या अंतर्भागात हिंडणे हा शुद्ध बेजबाबदारपणा होय, असा या मताचा थोडक्यात आशय आहे. मनगटाला पट्टा असल्याशिवाय जेथे पाण्याचा पेलाही मिळत नाही अशा जागी घालविलेल्या दिवसांना मोकळीक म्हणावे काय, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो. कोणाला कशात सुख वाटावे हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. माझा आक्षेप त्या सुखाला नसून, त्या सुखाच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद पुढे केला जातो त्याला आहे.

हा युक्तिवाद करणारे लोक अविचारी नाहीत. ते कुटुंबवत्सल आहेत, मेक्सिकोतील बातम्या वाचतात, आणि म्हाताऱ्या आईला परमुलखात ठेच लागली तर जाब आपल्यालाच द्यावा लागेल याची जाणीव त्यांना आहे. मुलूख धोक्याचा, पाहण्याजोगे जे काही आहे ते किनाऱ्याला लागूनच, शाकाहारी माणसाच्या जेवणाची आबाळ, आणि परक्या भाषेत व परक्या कायद्याखाली मोटार चालविण्याची यातायात निराळी, असे त्यांचे म्हणणे असते. यातील प्रत्येक गोष्टीत सत्याचा काही अंश आहे. मात्र त्या अंशावरून जो निष्कर्ष काढला जातो तो मला मान्य नाही.

भयाचे कलम सर्वांत वजनदार, म्हणून त्याचा विचार अगोदर केला पाहिजे. मेक्सिको हा ३२ घटकांचा संघराज्यात्मक देश असून त्याचे क्षेत्रफळ १९ लाख चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. वायव्येकडील तिहुआनापासून आग्नेयेकडील, युकातानमधल्या मेरिदापर्यंत रस्त्याने जायचे म्हटले तर सुमारे चार हजार किलोमीटर पडतात. एवढ्या विस्ताराच्या देशाला एकच शेरा मारून मोकळे होणे ही सावधगिरी नव्हे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या प्रवाशांसाठी जे सूचनापत्र काढते, आणि ज्याचा हवाला हे मित्र वारंवार देतात, ते पत्रच मुळात असे करीत नाही. त्यात राज्यागणिक श्रेणी दिलेली असते. सिनालोआ, गेरेरो, मिचोआकान, कोलिमा, तामाउलिपास, साकातेकास ही राज्ये वर्षानुवर्षे ‘जाऊच नका’ असे सांगणाऱ्या चौथ्या श्रेणीत आहेत. युकातान राज्य वर्षानुवर्षे पहिल्या, म्हणजे नेहमीची खबरदारी पुरे असे सांगणाऱ्या श्रेणीत आहे, आणि कांपेचेही दीर्घकाळ त्याच पंक्तीत राहत आले. आता गंमत अशी की, कॅनकून ज्या राज्यात आहे ते किंताना रो या काळात दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे ‘अधिक सावध राहा’ या शेऱ्याखाली होते. हत्यांचे प्रमाण पाहिले तरी चित्र असेच दिसते : अलीकडच्या वर्षांत संबंध देशात लाखामागे वीसहून अधिक हत्या होत असताना युकातानमध्ये तोच आकडा दोन-तीनच्या घरात राहिला, आणि तो देशातील सर्वांत कमी आकड्यांपैकी होता. म्हणजे सुरक्षिततेचे कारण सांगून जो गृहस्थ आपल्या कुटुंबाला मेरिदाऐवजी कॅनकूनला नेतो, तो ज्या कागदाच्या आधारे बोलतो त्याच कागदाप्रमाणे त्यांना अधिक जोखमीच्या राज्यात नेऊन सोडतो.

याचा अर्थ मेक्सिकोतील हिंसाचार ही वृत्तपत्रांची अतिशयोक्ती आहे, असा कोणी काढू नये. ज्या देशाच्या सरकारी नोंदवहीत बेपत्ता माणसांची संख्या २०२२ साली एक लाखाच्या वर गेली, त्या देशाला निर्धोक म्हणणे हा त्या बेपत्तांच्या आयांचा उपमर्द होईल. श्रेणीही कायमच्या बहाल झालेल्या नसतात; त्या बदलतात, आणि निघण्याच्या आठवड्यात ताजे पत्रक वाचून मगच निघावे. परंतु पत्रक वाचायचे तर ते राज्यापर्यंत वाचावे, मथळ्यापाशी थांबू नये, एवढीच माझी मागणी आहे. गडचिरोलीतील चकमकीची वार्ता वाचून रत्नागिरीची सहल रद्द करणाऱ्या माणसाला आपण काय म्हणू, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा.

भय चुकीच्या पत्त्यावर गेल्याचा खरा तोटा निराळाच आहे. लुटारू आणि टोळ्या यांच्या कल्पनेने मन व्यापून गेले की, या मुलुखात प्रवाशाला जे धोके प्रत्यक्षात आहेत त्यांच्याकडे लक्षच जात नाही. कारण ते धोके कादंबरीत शोभणारे नसून अत्यंत निरस आहेत. त्यांतील पहिला म्हणजे रस्त्यावरचा गतिरोधक. त्याला तेथे ‘तोपे’ म्हणतात. प्रत्येक खेड्याच्या वेशीवर तो असतोच, पुष्कळदा त्यावर रंगाचा पट्टाही नसतो, आणि ताशी ८० किलोमीटर वेगाने त्यावर जाणारी मोटार आपला पुढचा कणा तेथेच ठेवून जाते. दुसरा धोका रात्रीचा. आतल्या रस्त्यांना दिवे नाहीत, कडेला पदपथ नाही, आणि अंधार पडल्यावर त्याच रस्त्यावरून दिवा नसलेल्या सायकली, तीनचाकी सामानगाड्या, गुरे आणि माणसे चालत असतात. डिसेंबरात तेथे साडेपाच-सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यातून युकातान व कांपेचे यांचे घड्याळ एक आणि किंताना रोचे त्याच्या एक तास पुढे. २०१५ पासूनचा हा फरक ध्यानात न घेता दुपारच्या विमानासाठी कांपेचेतील श्पुहिलहून कॅनकूनकडे निघालेल्या कुटुंबाचा एक तास राज्याच्या हद्दीवरच गळून पडतो, आणि मग तो भरून काढण्यासाठी जो वेग वाढविला जातो, त्याला कुठल्याही टोळीची गरज उरत नाही. सबब, कोणत्याही दिवशी चार तासांहून अधिक मोटार चालवायची नाही आणि दुपारी चारच्या आत मुक्कामाला पोचायचे, हा नियम मी या प्रवासाचे पहिले कलम समजतो. बाकी सर्व वेळापत्रक या नियमाच्या पोटात बसले पाहिजे, बसत नसेल तर एक ठिकाण गाळावे.

विम्याच्या बाबतीत आपले लोक जितके बेफिकीर असतात तितके ते अन्यत्र कोठेही नसतात. मोटार भाड्याने देणाऱ्यांच्या जाहिरातीत दिवसाला काही मोजक्या डॉलरांचा जो भाव दिसतो, त्यात तिऱ्हाइताच्या नुकसानभरपाईचा मेक्सिकन विमा बहुधा धरलेला नसतो. तो कायद्याने आवश्यक आहे, आणि तो विमानतळावरील खिडकीपाशी भाड्यावर चढविला जातो. तेव्हा माणूस चिडतो, आपल्या अमेरिकन क्रेडिट कार्डाचा विमा दाखवितो, वाद घालतो आणि सहलीची सुरुवातच कलहाने होते. कार्डाचा विमा फार तर भाड्याच्या मोटारीच्या नुकसानीपुरता चालतो. समोरच्या माणसाला इजा झाली तर तो कुचकामाचा. मेक्सिकोत अपघातानंतर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला अडकवून ठेवण्याचा अधिकार अंमलदारांना आहे, आणि विमा कंपनीचा माणूस घटनास्थळी येऊन दस्तऐवज पुढे करतो तेव्हा बहुतेक प्रकरणे तेथल्या तेथे मिटतात. हा खर्च अगोदरच अंदाजपत्रकात धरावा, पूर्ण विम्यासह लेखी भाव मागवावा, आणि खिडकीपाशी हुज्जत घालण्याचा आपला राष्ट्रीय छंद त्या दिवसापुरता आवरावा.

पेट्रोलचा हिशेबही असाच साधा आणि असाच दुर्लक्षिलेला. कांपेचे राज्यातच एस्कार्सेगाहून श्पुहिलपर्यंत १८६ क्रमांकाच्या महामार्गाने सुमारे दीडशे किलोमीटर. वाटेत कोन्वासपाशी कलाकमुलच्या माया अवशेषांकडे जो फाटा फुटतो तो अरण्यातून सुमारे ६० किलोमीटर आत जातो आणि तितकेच परत यावे लागते. त्या फाट्यावर पंप नाही, दूरध्वनीची लहर नाही आणि अवशेषांपाशी अन्न मिळण्याची आशा धरू नये. एस्कार्सेगाला टाकी भरून घ्यायची, बरोबर पाणी व शिधा ठेवायचा, एवढी तजवीज ज्याने केली त्याला या रस्त्यावर भिण्याजोगे फारसे उरत नाही. पंपावर नोकरच पेट्रोल भरतो. काटा शून्यावर आहे हे पाहावे आणि त्याला चार पेसो द्यावेत. मोटार बिघडलीच तर ०७८ या क्रमांकावर हाक मारता येते. ‘आंखेलेस व्हेर्देस’, म्हणजे हिरव्या गाड्यांतून फिरणारे सरकारी मदतनीस, १९६० पासून महामार्गांवर प्रवाशांची विनामूल्य दुरुस्ती करीत आले आहेत. सुट्या भागांचे पैसे मात्र आपले. राज्यांच्या हद्दीवर सैनिकांची वा पोलिसांची नाकी लागतात. बंदूकधारी जवान पाहून मागे बसलेल्या आजीच्या छातीत धस्स होते हे खरे. परंतु काच खाली करावी, कोठून आलो व कोठे जातो ते सांगावे आणि पुढे जावे, इतकाच तो प्रकार असतो.

परवान्याची बाब लवकर संपते, मात्र तीत एक खाच आहे. भारतीय पारपत्रधारकाजवळ अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा तेथील कायम वास्तव्याचा दाखला असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, आणि ही मुभा मुलाकडे पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांनाही आहे. परंतु ज्याच्या पारपत्रावरील अमेरिकन व्हिसाचा शिक्का मुदत संपून गेलेला आहे आणि जो केवळ मुदतवाढीच्या मंजुरीपत्रावर अमेरिकेत नोकरी करतो आहे, त्याला ही मुभा नाही. त्याने मेक्सिकोच्या वकिलातीतून रीतसर व्हिसा काढावा. कार्यालयातल्या कोणी तरी ‘चालते हो’ म्हटले म्हणून विमानतळावर जाऊन उभे राहू नये.

आता ‘तेथे पाहण्यासारखे आहे काय?’ या प्रश्नाकडे वळतो. हा प्रश्न विचारणाऱ्याने चिचेन इत्सा पाहिलेले असते, आणि वर्षाला वीस लाखांच्या वर माणसे जेथे येतात, जेथील मुख्य पिरॅमिडवर २००६ पासून चढू देत नाहीत, आणि जेथे दोन्ही बाजूंच्या दुकानांतून शिट्ट्यांचा आवाज अखंड येत असतो, तेथे अकरा वाजताच्या उन्हात बसमधून उतरलेल्या मुलाला ‘माया संस्कृती’ कंटाळवाणी वाटली तर त्यात मुलाचा दोष काय? परंतु त्यावरून संबंध द्वीपकल्पाची किंमत ठरवावयाची नसते.

युकातानच्या उत्तरभागात एकही नदी वाहत नाही. चुनखडीच्या भूमीत पावसाचे पाणी मुरून खाली जाते, आणि जेथे वरचे छत कोसळले आहे तेथे ‘सेनोते’ नावाच्या नैसर्गिक विहिरी उघड्या पडल्या आहेत. मेरिदाच्या दक्षिणेस ‘पूक’ नावाच्या टेकड्यांचा प्रदेश लागतो. तेथे भूजल इतके खोल आहे की सेनोतेचाही आधार नाही. अशा जागी उश्माल, काबा, सायिल, लबना ही नगरे उभी राहिली, आणि तीही नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास भरभराटीस आलेली. ती कशी? तेथल्या लोकांनी घराघराजवळ जमिनीत बाटलीच्या आकाराची टाकी कोरली, आतून गिलावा केला, भोवतीचा चौक उतरता बांधला आणि पावसाळ्याचे पाणी उरलेले कोरडे महिने पुरविले. या टाक्यांना ‘चुलतून’ म्हणतात. सिंहगडाच्या किंवा शिवनेरीच्या खडकातील टाकी ज्या मुलाने पाहिली आहेत त्याला सायिलच्या चौकात उभे करून फक्त एवढे विचारावे की, येथे नदी नाही, विहीर नाही, मग या राजवाड्यातील माणसे प्यायली काय. आणि मग ते मूल टाक्याचे तोंड शोधीत कसे हिंडते ते पाहावे. काबाच्या एका वास्तूचे संबंध दर्शनी अंग चाक या पर्जन्यदेवाच्या शेकडो लांबनाक्या मुखवट्यांनी मढविलेले का आहे, याचे उत्तर मग मार्गदर्शकाने सांगावे लागत नाही.

येथून होपेल्चेनमार्गे कांपेचेला जाणारा जुना रस्ता धरला म्हणजे वाटेत बोलोन्चेन लागते. या गावाजवळच्या गुहेत लोक उन्हाळ्यात झाडांच्या खोडांची प्रचंड शिडी उतरून पाणी आणीत; जॉन लॉइड स्टीफन्स या अमेरिकन प्रवाशाबरोबर हिंडणाऱ्या फ्रेडरिक कॅथरवुडने त्या शिडीचे जे चित्र काढले ते आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवते. स्टीफन्सचा युकातानवरील ग्रंथ १८४३ साली प्रसिद्ध झाला. (या गृहस्थांनी येथील काही कोरीव लाकडी तुळया काढून न्यूयॉर्कला नेल्या आणि १८४२ च्या आगीत त्या जळून खाक झाल्या; प्राचीन वस्तू सुरक्षित ठेवण्यासाठी परदेशी न्याव्यात असे म्हणणाऱ्यांनी ही हकिकत लक्षात ठेवावी.) पुढे एड्झना येथे माया लोकांनी खोदलेल्या कालव्यांच्या खुणा आहेत. पाण्याचा हा एकच धागा धरून चार दिवसांचा प्रवास आखता येतो, आणि तो धागा बसमधून, दोन तासांच्या थांब्यात कधीच हाती लागत नाही. त्यासाठी एका टाक्यापासून दुसऱ्या टाक्यापर्यंतची कोरडी, नदीहीन भूमी स्वतः ओलांडावी लागते. मोटारीच्या बाजूने माझा खरा मुद्दा हाच आहे.

याच वाटेवर होपेल्चेनच्या आसपास माया कुटुंबे बिननांगीच्या मधमाश्या पाळतात. त्यांची पोळी लाकडाच्या पोकळ ओंडक्यांत असतात आणि ही विद्या कोलंबसाच्या कितीतरी आधीची आहे. याच मधपाळांनी जनुक-परिवर्तित सोयाबीनच्या लागवडीविरुद्ध दावा लावला, आणि २०१५ साली मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने, तेथील मूळच्या रहिवाशांची सल्लामसलत झाल्याखेरीज लागवड करता येणार नाही, असा निवाडा दिला. त्या लढ्याच्या अध्वर्यू लेडी पेच यांना २०२० चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. मेरिदा ते कांपेचे या दुसऱ्या रस्त्यावर बेकाल नावाचे गाव आहे, तेथे ताडवर्गीय दिसणाऱ्या एका झाडाच्या पातीपासून टोप्या विणतात; पाती कोरडी पडली की तुटते, म्हणून विणकर घरामागच्या दमट गुहेत उतरून काम करतात. खुद्द कांपेचे शहराला चाच्यांनी इतके लुटले की, १६६३ च्या भीषण लुटीनंतर अखेर १६८६ साली तटबंदीचे काम हाती घेतले गेले. त्या तटाचे बुरूज आणि दोन वेशी आजही उभ्या आहेत, आणि १९९९ पासून हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. संध्याकाळी तेथल्या चौकात मुले चेंडू खेळत असतात. आपल्या मुलांनाही त्यात घेतात, भाषा आडवी येत नाही.

आणि कलाकमुल. १९८९ साली राखीव घोषित झालेल्या सुमारे सात लाख हेक्टर अरण्याच्या पोटात, ग्वाटेमालाच्या सरहद्दीपासून काही मैलांवर, हे सर्पवंशीय राजांचे नगर आहे. तिकाल या दुसऱ्या माया नगराच्या राजांशी त्यांचे वैर शतकानुशतके चालले. १९३१ साली सायरस लुंडेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने विमानातून याची शिखरे प्रथम हेरली. पंचेचाळीस मीटरांच्या आसपास उंची असलेल्या मुख्य वास्तूवर चढण्याची मुभा आजवर मिळत आली आहे, आणि वरून चहूकडे क्षितिजापर्यंत झाडांखेरीज काही दिसत नाही. मराठी वाचकाला या अरण्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डहाणू-घोलवडच्या बागांतून जो चिकू आपण खातो, त्याचे झाड मूळचे याच पट्ट्यातले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच झाडाच्या खोडावर नागमोडी चिरा देऊन त्याचा चीक गोळा करणारे मजूर, ज्यांना ‘चिक्लेरो’ म्हणत, या अरण्यात महिनोन् महिने राहत. अमेरिकेच्या च्युइंगमचा धंदा त्या चिकावर चाले, आणि कित्येक अवशेष त्यांनीच प्रथम पाहिले. त्या जुन्या चिरांचे वण वठलेल्या खोडांवर अजून दिसतात. मराठी माणसाचा या देशाशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी पांडुरंग खानखोजे यांचे नाव आठवावे. वर्ध्याचा हा क्रांतिकारक १९२० च्या दशकात मेक्सिकोत गेला, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाला, मक्याच्या सुधारित वाणांवर त्याने काम केले आणि दिएगो रिव्हेराने त्याला आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. त्याने सूचनापत्रे वाचून प्रवासाला नकार दिला असता तर तो वर्ध्याबाहेरही पडला नसता.

जेवणाचे म्हणाल तर तक्रारीत अर्धे सत्य आहे. काळ्या घेवड्याची उसळ दिसायला निर्दोष, परंतु ती बहुधा डुकराच्या चरबीत परतलेली असते, आणि कट्टर शाकाहाऱ्याने विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. अंडे चालत असेल तर भोपळ्याच्या बियांच्या वाटणातील ‘पापाद्सुलेस’ हा युकातानचा पदार्थ आहेच. नसेल तर मक्याच्या गरम तोर्तिया, ॲव्होकॅडो, चाया नावाची पालेभाजी आणि लिंबू हे मंडईत मिळते, स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने मिळते, आणि प्रवासात छोटा कुकर बरोबर नेण्याची आपली परंपरा या कामी प्रथमच खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. कोल्हापूरच्या माणसाने मात्र हबानेरो मिरचीची चटणी प्रथम चमच्याच्या टोकानेच घ्यावी. मिरची त्या बाजूनेच आपल्याकडे आली आहे.

या वादात एक दुसरी बाजूही उभी आहे, आणि तिची वकिली मला करावयाची नाही. काही तरुण मंडळी म्हणतात की, योजना ही प्रवासाची शत्रू. निघावे, वाट फुटेल तिकडे जावे, जेथे रात्र होईल तेथे उतरावे. एकट्या तरुणाला हे शोभते. ज्याच्या मागच्या बैठकीवर सहा वर्षांचे मूल आणि सत्तर वर्षांची आई आहे त्याने असे बोलणे म्हणजे आपल्या हौसेचा भुर्दंड त्यांच्यावर टाकणे होय. वस्तुतः हे मत आणि कॅनकूनवाद्यांचे मत दोन्ही एकाच आळसातून निघतात : एकाला योजना करावयाची नाही म्हणून तो जात नाही, दुसऱ्याला योजना करावयाची नाही म्हणून तो तसाच जातो. तिसरा प्रकार दर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे कोष्टक तयार करणाऱ्यांचा; त्यांना मेरिदा, उश्माल, कांपेचे, कलाकमुल आणि बाकालार पाच दिवसांत बसवायचे असते. ते बसते, पण रात्री मोटार चालवूनच, आणि त्याविषयी जे म्हणायचे ते मी वर म्हटले आहे. माझ्या मते या फेरीला किमान नऊ-दहा दिवस पाहिजेत. तेवढे नसतील तर कलाकमुल सोडावे आणि मेरिदा, पूक व कांपेचे एवढ्यावर समाधान मानावे. त्यात काही उणेपणा नाही.

कोणी जाऊ नये हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. चांगली रुग्णालये मेरिदाला आहेत, कांपेचे शहरात आहेत. एस्कार्सेगाच्या पूर्वेस मात्र मोठे रुग्णालय तासन् तास दूर पडते. ज्यांच्या आईवडिलांना हृदयविकार आहे, ज्यांच्या घरात तान्हे मूल वा गरोदर स्त्री आहे, त्यांनी कलाकमुलचा नाद सोडावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पलीकडे जातो, जून ते ऑक्टोबर पावसाचे आणि वादळांचे दिवस, तेव्हा नोव्हेंबर ते मार्च हाच हंगाम. ‘त्रेन माया’ या २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या रेल्वेने जावे असा पर्याय काही जण सुचवितात. तिच्यासाठी जे अरण्य तुटले त्याबद्दल मेक्सिकोतच तीव्र मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. परंतु कलाकमुलचे स्थानक महामार्गालगत आहे, अवशेष तेथून अरण्यमार्गाने बरेच आत, म्हणजे वाहनावाचून सुटका नाही. प्रवेशाला तीन निरनिराळ्या नाक्यांवर तीन पावत्या फाडाव्या लागतात: एक गावसमाजाची, एक अभयारण्याची आणि एक पुरातत्त्व खात्याची. रोख पेसो जवळ असावेत. पहिल्या पावतीचे पैसे तेथल्या एहिदोच्या, म्हणजे सामायिक जमीनधारकांच्या पेटीत जातात, हे मला त्या प्रवासातील सर्वांत समाधानाच्या खर्चांपैकी वाटते.

ज्यांना समुद्र आणि विश्रांती हवी आहे त्यांनी कॅनकूनला खुशाल जावे. थकलेल्या माणसाला वाळूवर पडून राहण्याचा अधिकार आहे आणि त्यासाठी कोणाला कारण सांगण्याची गरज नाही. पण मुलांना आतला मुलूख दाखविण्याचे टाळताना आईवडिलांच्या सुरक्षिततेचे नाव त्या टाळण्याला देऊ नये. तो नकार श्रमाचा आहे, धोक्याचा नव्हे, आणि तो तसाच नोंदला जावा.